करडईची जनुकपेढी : जनुकीय विविधता आणि बियाण्याची गुणवत्ता यांचा परस्परसंबंध
(विशेष संदर्भ : बुलढाणा जिल्हा)

सूचक शब्द : करडई, जननद्रव्य, जनुकपेढी, उगवणक्षमता, पुनरुत्पादन

प्रस्तावना :
पश्चिम विदर्भातील बुलढाणा जिल्ह्यात करडई हे एकेकाळी रब्बी हंगामातील परिचित तेलबी पीक होते. कोवळ्या पानांची भाजी होई, बियांचे तेल घाण्यावर निघे आणि ज्वारीच्या कडेने पेरलेल्या काटेरी ओळींमुळे गुरे पिकात शिरत नसत. पुढे खरिपात सोयाबीन व रब्बीत हरभरा यांचे क्षेत्र वाढले आणि करडई मागे पडली. पीक मागे पडले की त्याचे स्थानिक वाणही शेतातून नाहीसे होतात. असे वाण जतन करण्याचे कार्य जनुकपेढी करते. लगतच्या अकोला येथे राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरोचे प्रादेशिक केंद्र १९७७ पासून कार्यरत असून, करडईच्या जननद्रव्याचे जतन व मूल्यमापन हे त्याच्या महत्त्वाच्या कार्यांपैकी एक आहे.

विविधतेचे मूल्यमापन :
संग्रहातील नमुने शेतात लावून फुलोऱ्याचा काळ, फुलांचा रंग, काट्यांचे प्रमाण, बोंडांची संख्या, हजार दाण्यांचे वजन, टरफल व तेलाचा उतारा यांच्या नोंदी घेतल्या जातात. मावा व मर रोग यांबाबतची सहनशीलताही तपासली जाते. मात्र बाह्य लक्षणांवरून सर्वच गुण कळत नाहीत. सामान्य करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल सुमारे ७० ते ७५ टक्के असते. भारतातून अमेरिकेत गेलेल्या एका नमुन्यात त्याऐवजी ओलिक आम्लाचे प्रमाण अधिक असल्याचे १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच गुणाच्या आधारे कॅलिफोर्नियात ‘यूसी-१’ हे वाण विकसित झाले. रासायनिक तपासणी झाली नसती तर हा गुण अज्ञातच राहिला असता.

बियाण्याची गुणवत्ता :
दीर्घकालीन साठवणीत बियाणे ३ ते ७ टक्के आर्द्रतेपर्यंत वाळवून, हवाबंद पाकिटांत उणे १८ अंश सेल्सिअस तापमानाला ठेवतात. आर्द्रता एक टक्क्याने घटली की बियाण्याचे आयुष्य साधारणतः दुप्पट होते, असा हॅरिंग्टन यांचा स्थूल नियम आहे. अन्न व कृषी संघटनेच्या २०१४ च्या मानकांनुसार आरंभीची उगवणक्षमता ८५ टक्क्यांहून अधिक असावी आणि ती मूळ प्रमाणाच्या ८५ टक्क्यांखाली जाताच नमुन्याचे पुनरुत्पादन करावे.

परस्परसंबंध :
या दोन तपासण्या स्वतंत्र मानल्या जातात. वस्तुतः त्या परस्परावलंबी आहेत. समजा, एखाद्या स्थानिक वाणात दर शंभर झाडांपैकी दोनच झाडांत मर रोगाला तोंड देणारा गुण आहे. पेरलेल्या शंभर बियांपैकी ९० उगवल्या, तर तो गुण पुढील पिढीतून निसटण्याची शक्यता सुमारे १६ टक्के असते. केवळ ४० उगवल्या, तर ती सुमारे ४५ टक्के होते. पाकिटावरील नाव व क्रमांक तेच राहतात, परंतु आतील वाण पूर्वीचे राहत नाही. शिवाय करडई प्रामुख्याने स्वपरागित असली तरी मधमाश्यांमुळे परपरागणही घडते. म्हणून पुनरुत्पादनाच्या वेळी बोंडांवर पिशव्या बांधणे किंवा पुरेसे विलगीकरण अंतर राखणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष :
उगवणक्षमतेची चाचणी हे केवळ भांडारातील नित्यकर्म नसून विविधतेच्या रक्षणाची ती पहिली पायरी आहे. वाण शेतात अस्तित्वात असेपर्यंत हरवलेला नमुना पुन्हा गोळा करता येतो. शेतातूनच तो नाहीसा झाल्यावर पाकिटातील मूठभर बियाणे हाच त्याचा एकमेव आधार उरतो. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनी अद्याप घरच्या बियाण्यावर करडई घेणाऱ्या शेतकऱ्यांची नोंद ठेवणे, उगवणचाचणी विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकात समाविष्ट करणे आणि असे नमुने अकोला केंद्राच्या निदर्शनास आणणे, हे अल्प खर्चात साध्य होणारे कार्य आहे.