मेणाचा कान, संगणकाचा कान

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेचा वृत्तान्त छापून आला. टिपूच्या कैदेत नाक आणि एक हात गमावून बसलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला, वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाच्या कातडीचे नाक करून दिले होते. त्यासाठी मेणाचा पातळ पापुद्रा आधी चेहऱ्यावर बसवून नाकाचा आकार घेत. मग तो सपाट करून कपाळावर ठेवीत व त्याच्या कडेने रेषा आखीत. शस्त्राच्या आधी मेण, असा क्रम होता.

हे आठवण्याचे निमित्त घरगुती आहे. दंतवैद्यकाशी प्रस्तुत लेखकाचा संबंध दाढदुखीपुरताच. परंतु माझी भाची त्या शास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात कृत्रिम नाक-कान घडविण्यास शिकत आहे. मेणाचा कान तिसऱ्यांदा बिघडला तेव्हा तिने विचारले, “मामा, संगणक हे बिनचूक करतो, मग हा छळवाद कशासाठी?”

प्रश्न अर्थशास्त्राचाही आहे. कर्करोगाने, आणि २०२१ साली कोविडमागोमाग आलेल्या म्युकरमायकोसिसने, आपल्याकडे अनेकांचे डोळे व जबडे हिरावून नेले. असा रुग्ण रोजंदारीवरचा असेल, तर शहराची प्रत्येक खेप म्हणजे बुडालेली मजुरी आणि एसटीचे भाडे. त्यातून सिलिकोनचा अवयव साधारण एक-दोन वर्षांत रंग सोडतो, त्याच्या कडा फाटतात. तो पुन्हा करावाच लागतो. स्कॅनरने चेहऱ्याची मापे घेतली, तर नाजूक जागेवर मसाला पसरून ठसा घ्यावा लागत नाही. शाबूत कानाची उलटी प्रतिमा काढून दुसऱ्याचा नमुना मुद्रित करता येतो, आणि ती आकृती जपून ठेवली की पुढच्या वेळचे बरेच श्रम वाचतात. हा लाभ लहान नव्हे.

परंतु नाकाला जोडीदार नसतो. प्रतिमा कशाची उलटावी? नमुन्याची कड त्वचेत मिसळून जाईल इतकी पातळ करणे, रुग्ण हसताना ती उचलते काय हे पाहून मेण पुन्हा चढविणे, दिवसाच्या उजेडात त्याच्या वर्णाशी मेळ घालीत सिलिकोनमध्ये थराथराने रंग भरणे, ही कामे अद्याप बहुतांशी हाताचीच आहेत. शिवाय पडद्यावरचा कान चुकला आहे हे ओळखावयाचे, तर कान कुठे कसा वळतो हे बोटांना ठाऊक असावे लागते. यंत्र आले म्हणून मेणाचे तास कापणारे महाविद्यालय खर्च वाचवीत नाही. तो रुग्णाच्या पदरात टाकते. मेणापुरतेच शिकवून स्कॅनर कुलुपात ठेवणारेही तेच करते. प्रात्यक्षिक परीक्षेत एकाच रुग्णाचा कान दोन्ही रीतींनी करावयास लावावा, असे मला वाटते.

भाचीने चौथा कान कोरावयास घेतला आहे. त्याची पाळी अजून जाड आहे, असे तिचेच मत आहे.