पाळीव पालीला हाताळणीची सवय लावणे

पाळीव पालीला हाताळणीची सवय लावणे म्हणजे माणसाच्या हाताला बिचकणाऱ्या पालीची भीती टप्प्याटप्प्याने कमी करणे होय. कुत्र्याप्रमाणे पालीला माणसाचा लळा लागतो, असे मानण्यास आधार नाही. ‘या हातापासून अपाय होत नाही’ एवढेच ती अनुभवाने शिकते. त्यामुळे या प्रक्रियेला माणसाळवणे म्हणण्यापेक्षा सरावणे म्हणणे अधिक योग्य ठरते.

पाळल्या जाणाऱ्या पाली

पाळण्यासाठी जगभर सर्वाधिक पसंती लेपर्ड गेको या पालीला मिळते. अफगाणिस्तान, पाकिस्तान व लगतच्या कोरड्या प्रदेशातील ही पाल आता बंदिस्त अवस्थेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवली जाते. अंगावर बिबट्यासारखे ठिपके, जाड शेपटी आणि मिटता येणाऱ्या पापण्या ही तिची वैशिष्ट्ये होत. भिंतीवरील पालीच्या बोटांखाली असंख्य सूक्ष्म केस असतात व त्यांच्या साहाय्याने ती छतालाही चिकटून राहते. लेपर्ड गेकोच्या बोटांना अशी रचना नसते. त्यामुळे हातातून निसटल्यास ती थेट खाली पडते.

वर्धा जिल्ह्यातील संदर्भ

वर्धा जिल्ह्यात घरोघरी दिसणाऱ्या पाली पाळीव नसून माणसाच्या आश्रयाने राहणारे वन्यजीव आहेत. जिल्ह्याच्या उत्तर भागात सातपुड्याच्या डोंगररांगांचे फाटे पसरले आहेत. लेपर्ड गेकोची भारतीय नातलग असलेली एक प्रजाती याच सातपुडा पर्वतातून २०१४ साली शास्त्रीयदृष्ट्या नोंदवली गेली.

पालीविषयी समाजात भीती व किळस मोठ्या प्रमाणात आढळते. पंचांगांत अंगावर पाल पडण्याची शुभाशुभ फळे दिलेली असतात आणि संशय आल्यास मनात शंकेची पाल चुकचुकते असे म्हटले जाते. प्रत्यक्षात भारतातील एकही पाल विषारी नाही. पाल पडलेले अन्न टाकून द्यावे हे खरे. परंतु त्याचे कारण विष नसून तिच्या अंगावरील व विष्ठेतील जिवाणू हे आहे.

भीतीचे स्वरूप

पक्षी, साप, मांजर असे पालीचे अनेक शत्रू आहेत. वरून झेपावणारी कोणतीही वस्तू तिला शिकाऱ्यासारखी भासते. पेटीत वरून येणारा हातही त्याला अपवाद नाही. संकटात पाल शेपटी तोडून टाकते. तुटलेली शेपटी काही काळ वळवळत राहते व शत्रूचे लक्ष तिकडे वेधले जाते. पुढे नवी शेपटी येते, पण तिच्यात मणक्यांऐवजी कूर्चेचा दांडा असतो. लेपर्ड गेको शेपटीत चरबी साठवत असल्याने शेपटी गमावणे म्हणजे तिच्यासाठी साठवलेले अन्न गमावणे होय.

सराव देण्याची पद्धत

१. नवी पाल आणल्यावर पहिले एक-दोन आठवडे तिला हात लावू नये. ती नियमित खाऊ लागणे ही पुढील टप्प्याची पूर्वअट होय.
२. त्यानंतर रोज संध्याकाळी काही मिनिटे हात पेटीच्या तळाशी स्थिर ठेवावा. लेपर्ड गेको निशाचर असल्याने दिवसा तिची झोपमोड करू नये.
३. चिमट्याने किडा भरवावा, म्हणजे माणसाची चाहूल आणि अन्न यांचा संबंध जुळतो.
४. पाल आपणहून तळहातावर चढेपर्यंत वाट पाहावी. तिला वरून पकडू नये व शेपटीला कधीही धरू नये.
५. पहिल्या खेपा दोन-तीन मिनिटांच्या असाव्यात; पुढे त्या दहा-पंधरा मिनिटांपर्यंत वाढवता येतात. जमिनीवर बसूनच पाल हाताळावी.

कात टाकण्याच्या दिवसांत, जेवणानंतर लगेच आणि आजारपणात सराव थांबवावा. वर्ध्याच्या उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते. अशा वेळी बंद खोलीतील काचेची पेटी जीवघेणी ठरू शकते. म्हणून सरावापूर्वी पेटीतील तापमान पाहणे आवश्यक असते.

शांतता आणि थिजणे

हातात निश्चल बसलेली पाल शांत झाली, असा समज सर्रास आढळतो. मात्र अतिभीतीनेही पाल थिजते. सरावलेली पाल सावकाश चालते, जीभ बाहेर काढून हाताचा वास घेते व नंतर नेहमीसारखे खाते. घाबरलेली पाल अंग ताठ करते, शेपटी उचलून हळूहळू हलवते, चीत्कारते किंवा नंतर अन्न नाकारते. सुटकेची वाट न देता जबरदस्तीने धरून ठेवल्यास भीती कमी होण्याऐवजी वाढते. काही पाली कधीच सरावत नाहीत. त्यांना केवळ पाहण्यात समाधान मानणे इष्ट होय.

आरोग्य

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शरीरात साल्मोनेला जिवाणू असू शकतात. हाताळणीनंतर साबणाने हात धुवावेत. पाच वर्षांखालील मुलांना पाल हाताळू देऊ नये.

कायदा व वन्य पाली

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित अनुसूचींतील वन्यप्राणी पकडणे व बाळगणे हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक सायटिस कराराच्या परिशिष्टांतील जिवंत परदेशी प्राण्यांची नोंदणीही आवश्यक झाली. ईशान्य भारतात आढळणारी टोके गेको ही पाल औषधी असल्याच्या खोट्या समजुतीमुळे तस्करीला बळी पडते. २०१९ साली तिचा समावेश या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला.

भिंतीवरील किंवा रानातील पाल पकडून तिला हाताची सवय लावणे हिताचे नाही. पेटीत जन्मलेल्या पालीची भीती तिला त्रासदायक असते, तर मोकळ्या पालीला तीच भीती मांजरापासून वाचवते. सेवाग्राम आश्रमात साप न मारता लाकडी चिमट्याने पकडून दूर सोडले जात. घरातील पालीला तेवढ्याही हस्तक्षेपाची गरज नसते. दिव्याभोवतीचे किडे खाऊन ती आपला निर्वाह स्वतः करते.