‘इकडे बघा’ न म्हणता काढलेले फोटो

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत माझ्या लग्नाचा अल्बम हाती लागला आणि हातातलं काम टाकून मी पानं उलटत बसले. स्टेजवर आम्ही दोघं आणि शेजारी आहेर देणारे पाहुणे, असे शे-दीडशे फोटो! माणसं बदलतात, आमचं हसू तेच. आई त्यात चारच ठिकाणी आहे, आणि चारही ठिकाणी ताठ उभी. आईला जाऊन आता पाच वर्षं झाली. एका फोटोत मात्र ती चुकून आली आहे. पुढे मामेबहिणी ओळीनं उभ्या आणि मागे कोपऱ्यात आई पदरानं डोळे पुसते आहे. फोटो जरासा हललेला आहे. पण आठवण आली की मी तोच काढून बघते.

म्हणून यंदा वैशाखात मोठ्या दिरांच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा म्हटलं, फोटोग्राफरशी मी बोलते.

माणसाला नकळत टिपलेल्या अशा फोटोंना हल्ली ‘कँडिड’ म्हणतात. नाव नवं, कला जुनीच. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. विमानतळावर बहिणीला, विजयालक्ष्मी पंडितांना, मिठीत घेणारे पंडित नेहरू त्यांनी टिपले. त्या फोटोत पंतप्रधान दिसत नाहीत, भाऊ दिसतो!

जाऊबाईंना ते पटेना. “अगं, व्याहीमंडळी म्हणतील, आमचा धड फोटोच नाही!” त्यांचंही खरंच होतं. मग जेवणाआधीचा अर्धा तास फक्त रांगेतल्या फोटोंसाठी ठेवला आणि कोणाकोणाचे काढायचे त्याची यादी केली. एरवी मात्र ‘इकडे बघा’ बंद!

फोटोग्राफरला आठ दिवस आधी घरी चहाला बोलावलं आणि विधींचा क्रम कागदावर लिहून दिला. पुढे कुठे लक्ष ठेवायचं तेही लिहिलं. गौरीहरापाशी मुलगी एकटीच अन्नपूर्णेवर तांदूळ वाहत बसते. तिथे लांबून, फ्लॅश न वापरता, खिडकीच्या उजेडात फोटो घ्यावा. अंतरपाट धरला की बाजूला उभं राहावं. वधूवरांना एकमेकांचे चेहरे दिसत नसतात, कॅमेऱ्याला दोन्ही दिसतात. कन्यादानाच्या वेळी सगळे मुलीकडे बघतात, तेव्हा तिच्या वडिलांकडे बघावं. कानपिळीला धाकट्या भावाला विसरू नये. आणि फोटोसाठी कुठलाही विधी, अगदी हार घालणंसुद्धा, पुन्हा करायचा नाही, असं गुरुजींनाही सांगून ठेवलं.

आत्या कोण, आजी कोण, हे परक्या माणसाला कसं कळणार? म्हणून माझी भाची त्याच्याबरोबर दिली. मंगलाष्टकं सुरू झाली की मोबाइल धरलेले हात वर होतात आणि फोटोत नुसते हातच येतात! तेव्हा अक्षता पडेपर्यंत मोबाइल पर्समध्ये ठेवावा, अशी दारातच सगळ्यांना गोड शब्दांत विनंती केली.

एक पथ्य मात्र पाळावं. नकळत काढायचे म्हणजे मन मानेल तसे नव्हे. कपडे बदलायच्या खोलीत विचारल्याशिवाय कॅमेरा नको. कोणी नको म्हटलं तर आग्रह नको. अल्बममध्ये काय घालायचं, ते घरच्यांनी आधी बघून ठरवावं.

फोटो आले. दोन-चार ठिकाणी कोणाचं डोकं अर्धं कापलं गेलं होतं. जाऊबाई कुरकुरल्याच. मग एका फोटोपाशी त्या थांबल्या. आमच्याकडे मुलीच्या आईनं अक्षता पडताना बघू नये म्हणतात. म्हणून त्या वेळी त्या आतल्या खोलीत समईपाशी हात जोडून बसल्या होत्या, डोळे मिटलेले. यादीत मी ते लिहून ठेवलं होतं, त्यामुळे फोटोग्राफरचा मदतनीस तेव्हा दाराशी उभा होता.

“मी अशी बसले होते होय गं?” एवढंच त्या म्हणाल्या आणि तो फोटो मोठा करून घ्यायला सांगितला.

मैत्रिणींनो, घरात लग्न ठरलं की हॉल नि जेवणाबरोबर एवढंही आधी ठरवा. राबणारी आपली माणसं स्टेजवर नसतात, ती आजूबाजूलाच असतात. फोटोग्राफरला तिकडे बघायला सांगणं आपल्याच हातात आहे.