अन्नाचे ऋण, विद्येचे ऋण

'कृतज्ञ' या शब्दाचा अर्थ केलेले जाणणारा. नुसता आभार मानणारा नव्हे. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी आभारदिन पाळतात. आमच्या मोडनिंबास साधारण त्याच सुमारास काळ्या रानात ज्वारी वाढीस लागते, आणि दिवाळीच्या सुटीत गावी आलेले जुने विद्यार्थी शिक्षकांस भेटून हारतुरे देतात. आम्हांस संतोष होतो. परंतु या मुलांस एकट्या शिक्षकांनीच का घडविले?

वाचकांपैकी कित्येकांचे आजे-पणजे वार लावून शिकले. सात घरच्या गृहिणींनी पान वाढले, म्हणून त्यांची विद्या पुरी झाली. त्या माउलींची नावे कोणत्या शाळेच्या दप्तरी आहेत? मात्र असा वार बहुधा स्वजातीच्या मुलासच मिळे. ती उणीव ओळखून कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. तेथे धान्याची चणचण पडली, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडावयास दिले. पुढे रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांस घरोघरच्या मूठमूठ धान्याचा आधार झाला.

हे ऋण फेडावे कसे? वाढणारे हात आता राहिले नाहीत. ऋषिऋण अध्ययनाने फेडावे असे शास्त्र सांगते. म्हणजे मिळालेली विद्या पुढे चालवावी. अन्नऋणाचीही रीत तीच. आमच्या गळ्यात हार घालण्यापेक्षा, जात न विचारता एका गरजू विद्यार्थ्याच्या जेवणाचा भार जो उचलील, तोच आमच्या मते खरा कृतज्ञ होय.