गाडी कुठे थांबवायची?

सेकंड इयरला आमच्या ग्रुपची माथेरानची ट्रिप निघाली. दस्तुरी नाक्यावर ड्रायव्हर म्हणाला, "उतरा. पुढे गाडी जात नाही." बाजारपेठ तिथून अडीच-तीन किलोमीटर. आम्ही बॅगा ओढत, तांबड्या धुळीत शिव्या देत चाललो. नंतर टाऊन प्लॅनिंगचा विषय शिकताना लक्षात आलं, की ज्या नाक्याला शिव्या घातल्या, त्याच्यावरच त्या गावाचं सगळं नियोजन उभं आहे!

पर्यटनाचं नियोजन म्हणजे आपल्याला वाटतं हॉटेलं, बागा, पॉइंटवर रेलिंग. खरा प्रश्न असतो तो कुठली गोष्ट कुठे आणायची आणि कुठे अडवायची हा. मेसमध्ये ताटं तीनशे असली तरी पोळ्या दोनशे जणांपुरत्याच असतील, तर जेवणार दोनशेच. डोंगरावरच्या गावाचंही तसंच. खोल्या कितीही बांधा. पाणी, सांडपाणी, कचरा यांतलं जे आधी अपुरं पडेल, तीच खरी मर्यादा.

माथेरान गाव जेमतेम सात चौरस किलोमीटरचं. पण केंद्र सरकारने २००३ साली जे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केलं ते २१४.७३ चौरस किलोमीटरचं. एवढं मोठं कशाला? कारण वरचं रान राखलं आणि खालचे उतार पोखरले तर डोंगर राहायचा नाही. शिवाय वर बंदी घातली की बांधकाम पायथ्याला सरकतं. म्हणून आराखडा एका गावाचा करून भागत नाही, सबंध प्रदेशाचा करावा लागतो.

इथवर सगळं पुस्तकात बसतं. बसत नाही ते पुढचं. मोटार अडवली तरी सामान आणि म्हातारी माणसं वर जायचीच. मिनीट्रेन आहे १९०७ पासूनची, पण ती सगळ्यांना पुरत नाही. उरलेला भार घोड्यांवर आणि हातरिक्षावर. चढावर दोन-तीन माणसं मिळून एक रिक्षा ओढताना आम्ही पाहिली, आणि आमचा आवाजच बंद झाला. झाडं वाचवण्याची किंमत ही माणसं मोजत होती, आणि आराखड्यात त्यांचा हिशोब नव्हता, असं माझं तरी मत झालं.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, ई-रिक्षा आणा आणि त्या याच रिक्षावाल्यांना द्या, असा आदेश दिला. पेव्हर ब्लॉक दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच. आतल्या वाटांवर नाहीत. सिव्हिलवाल्यांना कारण सांगायला नको: उघडी माती पाऊस पिते, फरशी तो नुसता वाहून देते.

आता ई-रिक्षा आली म्हणजे चार्जिंगची जागा आली, दुरुस्तीची आली, जुन्या बॅटऱ्या खाली न्यायची सोय आली. आणि ई-रिक्षा किती, हा आकडाही ठरवावा लागणारच, नाहीतर दस्तुरीची ती गर्दी उद्या बाजारपेठेत.