सर्व्हरची मेमरी कोण खाते?
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ऐन परीक्षेच्या दिवसांत पाचोऱ्यातील एका ग्रंथालयातून मला बोलावणे आले. संगणकावर पुस्तक शोधायला घेतले की पडदा गोठायचा आणि विद्यार्थी ताटकळायचे. 'मेमरी भरली, नवी बसवावी लागेल,' म्हणून एका विक्रेत्याने दरपत्रकही दिले होते. तोवर ग्रंथपाल रोज सकाळी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करीत.

तेथे 'कोहा' ही मोफत ग्रंथालय प्रणाली होती. न्यूझीलंडमध्ये तयार झालेली ही प्रणाली २००० साली वापरात आली. तिच्या जोडीला शोधासाठी 'इलॅस्टिकसर्च' बसवले होते. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, तशी सूची ही सेवा साऱ्या नोंदींची करून ठेवते.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. मेमरी भरलेली दिसली म्हणजे बिघाडच आहे, असे नाही. नुकत्याच वाचलेल्या फायली लिनक्स रिकाम्या मेमरीत राहू देते. जागा लागली की सोडते. वाचनालयाच्या टेबलावरची पुस्तके नवा वाचक आला की उचलतात, तसेच हे. म्हणून 'फ्री' ही आज्ञा दिल्यावर त्याच नावाचा रकाना न पाहता 'अव्हेलेबल' हा रकाना पाहावा. मग 'टॉप' या आज्ञेने कोण किती मेमरी खाते ते पाहावे.

येथे मात्र दुखणे खरे होते. सर्व्हरची मेमरी ८ जीबी. त्यातली ६ जीबी कोणीतरी शोधसेवेच्या 'हीप'साठी राखून ठेवली होती. जास्त दिली की शोध वेगाने होईल, हा समज! पण सूचीच्या फायली डिस्कवर असतात आणि त्या वेगाने वाचायला लिनक्सला तीच मोकळी मेमरी लागते. शिवाय डेटाबेसही त्याच यंत्रावर. मेमरी पुरेना, म्हणून सारा भार डिस्कवरच्या 'स्वॅप'वर पडला आणि काम मंदावले.

हीप एकूण मेमरीच्या निम्म्याहून अधिक नसावी. इतर कामे त्याच यंत्रावर असतील तर आणखी कमी. आम्ही किमान आणि कमाल दोन्ही मर्यादा २ जीबी केल्या, सेवा पुन्हा सुरू केली आणि आठवडाभर नोंदवही पाहिली. हीप अपुरी पडल्याची तक्रार तीत आली असती, तर थोडी वाढवली असती. ती आली नाही. संपूर्ण सूची नव्याने बांधायचे काम रात्रीवर टाकले.

दरपत्रक परत गेले. त्या पैशांत आता पुस्तके येतील. यंत्राला नवे काही देण्याआधी, आहे ते कोणाच्या वाट्याला गेले, एवढे पाहत जा.