किल्ली ज्याच्या कमरेला, जबाबदारी त्याच्या शिरावर

पोलीस ठाण्याच्या कोठडीतला माणूस आजारी पडला तर त्याच्या औषधपाण्याची जबाबदारी कोणाची? कोणी म्हणेल, सभ्य लोकांच्या व्याख्यानमालेत हा चोर-दरोडेखोरांचा विषय कशाला? पण कोठडीत केवळ चोरच जातात हा एक मोठाच गैरसमज आहे. संपात पकडलेला कामगार, अपघातानंतर आणलेला ट्रकवाला, शेजाऱ्यांच्या मारामारीत सापडलेला कारकून, नुसत्या संशयावरून उचललेला पोरगा, असे सगळे त्या एकाच कोठडीत बसतात. त्यांच्यावरचा आरोप अजून शाबीत व्हायचा असतो. आणि उद्या शाबीत झाला, तरी न्यायाधीश शिक्षा देतो ती कैदेची किंवा दंडाची. औषध बंद करण्याची शिक्षा आपल्या कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही.

आम्ही वकील नव्हे. पकडलेल्या कामगारांना भेटण्यासाठी आम्हाला रात्री-अपरात्री ठाण्यावर जावे लागे, आणि कलम सांगितल्यावाचून तेथे कोणी बसायला बाक देत नसे. म्हणून युनियनच्या कचेरीत बसून आम्ही ही कलमे वाचली. त्यातले जे सामान्य माणसाला ठाऊक असायला हवे तेवढेच येथे सांगतो.

प्रथम या जबाबदारीचे मूळ पाहू. आपल्या घरी माणसाच्या छातीत कळ आली तर तो शेजाऱ्याला हाक मारतो, फडताळातली गोळी घेतो, रिक्षा करून इस्पितळ गाठतो. कोठडीचे दार लागले की हे सर्व रस्ते एकदम बंद होतात. ते ज्याने बंद केले, त्यानेच त्यांपैकी एक तरी उघडून दिला पाहिजे. कामगारांना हे तत्त्व नवे नाही. 1923 च्या नुकसानभरपाईच्या कायद्याने ठरवले की कामावर असताना कामगाराला इजा झाली तर मालकाची चूक सिद्ध करीत बसायला नको. यंत्र त्याचे, जागा त्याची, तेव्हा भरपाईही त्यानेच द्यायची. कोठडीत तर माणसाचा श्वासदेखील दुसऱ्याच्या ताब्यात असतो. तेथे जबाबदारी कमी कशी होईल?

आपल्याकडचा कायदा याबाबत मुका नाही. 1951 चा मुंबई पोलीस कायदा, ज्याला आज महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, त्याच्या 66 व्या कलमात पोलिसांची लोकांविषयीची कर्तव्ये सांगितली आहेत. ताब्यातला माणूस जखमी वा आजारी असेल तर त्याला लागणारी मदत तत्परतेने मिळवून देणे, त्याला नेता-आणताना त्याच्या प्रकृतीकडे लक्ष ठेवणे आणि त्याच्या अन्नाची व निवाऱ्याची व्यवस्था करणे, ही ती कर्तव्ये. पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेत 2008 साली दुरुस्ती झाली आणि आरोपीच्या आरोग्याची व सुरक्षिततेची वाजवी काळजी घेणे हे त्याला ताब्यात ठेवणाराचे कर्तव्य ठरले. 1 जुलै 2024 पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या 56 व्या कलमात हेच कर्तव्य कायम आहे.

तिचेच 53 वे कलम प्रत्येकाने लक्षात ठेवावे. अटक झाल्यावर लवकरात लवकर सरकारी डॉक्टरने, आणि तो नसेल तर नोंदलेल्या दुसऱ्या डॉक्टरने, त्या माणसाची तपासणी केली पाहिजे. अंगावर जखम वा माराच्या खुणा असतील तर त्या, आणि त्या अंदाजे केव्हा झाल्या असाव्यात ते, डॉक्टरने लिहून ठेवायचे. त्या कागदाची नक्कल अटक झालेल्याला किंवा तो सांगेल त्या माणसाला द्यायची. स्त्री असेल तर तपासणी स्त्री डॉक्टरने किंवा तिच्या देखरेखीखाली व्हावी. शिवाय 18 डिसेंबर 1996 रोजी डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिले की ताब्यात असेतो दर 48 तासांनी डॉक्टरी तपासणी झाली पाहिजे. हा कागद पोलिसांच्याही हिताचा आहे. जखम आधीची असेल तर ती आपल्या माथी येऊ नये म्हणून प्रामाणिक फौजदाराने तो स्वतः होऊन मागावा.

आता कोठडीतली पहिली रात्र घातक का असते ते पाहू. डोक्याला मार लागलेला माणूस आधी नीट बोलतो, चालतो, आणि काही तासांनी आतल्या रक्तस्रावाने बेशुद्ध होतो. अंगाला दारूचा वास असला की लोक म्हणतात, झोपू द्या, सकाळपर्यंत उतरेल. पण हाका मारून, हलवून जो उठत नाही तो झोपलेला नव्हे; त्याला ताबडतोब इस्पितळात न्यावे लागते. मधुमेही माणसाच्या रक्तातली साखर उतरली की तो अडखळतो, बरळतो, घामाघूम होतो, आणि पाहणाऱ्याला वाटते हा प्यायला आहे. तो शुद्धीवर असेल तर साखरपाणी त्याला वाचवू शकते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता डॉक्टर गाठावा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की काही तासांत हातपाय कापू लागतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दोन-तीन दिवसांनी वात होऊन तो दगावूही शकतो. फेफरे, दमा, हृदयविकार, क्षय यांची औषधे एका दिवसासाठीही तोडू नयेत. हे ओळखायला डॉक्टरची पदवी लागत नाही. लक्ष मात्र लागते.

एका मोर्चात पकडलेल्या आमच्या एका हमालाची बायको त्याचे इन्शुलिन पिशवीत घेऊन ठाण्याच्या पायरीवर तीन तास उभी होती. “बाहेरचे औषध आत घेता येत नाही, बाई,” एवढेच उत्तर तिला मिळत होते. त्या उत्तरात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. बाहेरून आलेल्या बाटलीत काय आहे हे हवालदाराला कसे कळावे? पण त्यावर उपाय सोपा आहे. औषध आणि चिठ्ठी डॉक्टरला दाखवावी व त्याच्या सांगण्याप्रमाणे द्यावे. औषध नाकारले आणि डॉक्टरही आणला नाही, तर ती खबरदारी राहत नाही, हेळसांड होते. त्या दिवशी पाळी बदलली, नव्या जमादाराने जीप काढली आणि माणूस वाचला. पण माणसाचा जीव कोणाची पाळी आहे यावर अवलंबून असावा काय?

पोलिसांची बाजूही पाहिली पाहिजे. ठाण्यावर डॉक्टर नसतो. गाडी अनेकदा एकच, आणि इस्पितळात न्यायचे तर सोबत शिपाई द्यावे लागतात. शिपाई स्वतः बारा-बारा तास उभा असतो, आणि 1966 च्या कायद्यामुळे सरकारच्या परवानगीवाचून त्याला युनियनही करता येत नाही. त्याच्या अडचणी खऱ्या आहेत, आणि त्या दूर करणे सरकारचे काम आहे. परंतु मनुष्यबळ कमी म्हणून बॉयलरची तपासणी केली नाही असे कारखानदार सांगू लागला तर आपण ते ऐकून घेतो काय?

कोठडीत मृत्यू झालाच तर पोलिसांनी पोलिसांची चौकशी करून भागत नाही. संहितेच्या 196 व्या कलमाप्रमाणे मॅजिस्ट्रेटची चौकशी होते. अशा मृत्यूची खबर 24 तासांच्या आत आपल्याला द्यावी असे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 14 डिसेंबर 1993 रोजीच जिल्हाधिकाऱ्यांना व पोलीस अधीक्षकांना कळवले होते. तरी पुराव्याची अडचण उरतेच, कारण भिंतीआडचे साक्षीदार पोलीसच असतात. म्हणून 1985 साली विधी आयोगाने आपल्या 113 व्या अहवालात सुचवले की कोठडीत इजा झाली तर ती पोलिसांनी केली असे न्यायालयाला गृहीत धरता यावे, आणि तसे नाही हे पोलिसांनी दाखवावे. 2023 च्या नव्या साक्ष अधिनियमातही ही सूचना आलेली नाही.

एवढे हक्क मिळाले ते कोणामुळे? मुंबईच्या तुरुंगातल्या स्त्री-कैद्यांची कैफियत पत्रकार शीला बारसे यांनी पत्राने सर्वोच्च न्यायालयाला कळवली. त्यावरून 1983 साली आदेश झाला की पुढे आणलेल्या प्रत्येक आरोपीला मॅजिस्ट्रेटने विचारावे, कोठडीत छळ झाला काय, आणि डॉक्टरी तपासणीचा तुझा हक्क आहे हेही सांगावे. ओरिसातल्या नीलाबती बेहेरा या आईने, ताब्यात घेतलेल्या मुलाचे प्रेत दुसऱ्या दिवशी रेल्वेरुळावर सापडले तेव्हा, असेच पत्र लिहिले. 1993 साली न्यायालयाने तिला दीड लाख रुपये भरपाई देवविली. बसू खटलाही 1986 च्या एका पत्रातूनच उभा राहिला. तिन्ही वेळी सुरुवात झाली ती पोस्टाच्या पाकिटाने.

तेव्हा श्रोत्यांनी एवढे करावे. घरात दीर्घ आजारी कोणी असेल तर डॉक्टरच्या चिठ्ठीची नक्कल सापडेल अशा जागी ठेवावी. अटकेची वेळ आली तर आजार आणि औषध तोंडी सांगून न थांबता ते कागदावर नोंदवून घ्यावे. तपासणीच्या अहवालाची नक्कल मागावी. अटकेपासून 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले जाईल. प्रवासाचा वेळ तेवढा त्यातून वगळतात. तेथे भीड न धरता बोलावे. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे तो फुकट मागावा. आणि आपला कोणी आत नसला तरी, शेजारच्या ठाण्याच्या पायरीवर औषधाची पिशवी घेऊन उभी असलेली बाई दिसली, तर तिच्याबरोबर आत जावे आणि 56 व्या कलमाचे नाव घ्यावे.